बेंडिगोत घर घेतलंय, परसात जुन्या सोन्याच्या खाणीची रेती निघाली. भाजी लावू का?

गवती_चहा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे काही विचारतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या बेंडिगोला असतो. नवरा नर्स आहे, त्याची इथे बदली झाली आणि मागच्या नोव्हेंबरात लाँग गली नावाच्या उपनगरात एक जुनं घर घेतलं, मेलबर्नच्या मानाने इतकं स्वस्त की उड्या मारत घेतलं. मागे परस मोठं आहे. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांनी चहा व्हायच्या आधी कुदळ मागितली. मेथी, कोथिंबीर, मुळा, आणि नळाखाली जिथे पाणी साठतं तिथे अळू असा सगळा प्लॅन तयार.

तर खणायला घेतलं आणि वीतभर काळपट मातीखाली एकदम पिठासारखी बारीक, पिवळसर-पांढरी रेती लागली. मऊ अगदी. मागच्या कुंपणाजवळच्या कोपऱ्यात तर वेगळीच, विटकरी-जांभळट, तिथे गवतसुद्धा धड उगवलेलं नाही. सासूबाई खूश, म्हणाल्या काय सुंदर रांगोळी होईल हिची. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते, ते म्हणाले ही बॅटरी सँड आहे. मला वाटलं इथे बॅटऱ्यांचा कारखाना होता की काय. रात्री शोधलं तर कळलं की बॅटरी म्हणजे सोन्याचा दगड कुटायचं यंत्र, आणि त्या रेतीत आर्सेनिक असतं. त्यानंतर झोप नाही.

मुलगा दीड वर्षाचा आहे, जे दिसेल ते तोंडात. चार कोंबड्या पण घेतल्यात, त्या दिवसभर तिथेच उकरत असतात. घर घेताना एजंटने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता सांगा, भाजी लावायची की नाही, पोराला बाहेर सोडायचं की नाही, की घरच विकायचं? सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

दगडधोंडे

घर विकू नकोस, आधी श्वास घे. मी भूगर्भवाला आहे, पर्थला असतो, खाणीतच आयुष्य गेलं त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

व्हिक्टोरियात १८५१ ला सोनं सापडलं आणि बलारत, बेंडिगो, कॅसलमेन हा सगळा पट्टा माणसांनी भरून गेला. सुरुवातीला ओढ्यातलं सोनं चाळून मिळालं, ते संपल्यावर खाली गारगोटीच्या शिरांमध्ये शिरले. आता गंमत अशी की त्या शिरांमध्ये सोन्याच्या सोबतीला आर्सेनोपायराइट नावाचं खनिज असतं, लोखंड, गंधक आणि आर्सेनिक यांचं, वजनाने जवळजवळ निम्मं (४६ टक्के) आर्सेनिकच. सोनं पाहिजे तर हे पण वर येणार. मग लोखंडी मुसळांच्या रांगांनी दगड कुटायचे, त्या रांगेला बॅटरी म्हणत. पाऱ्याने सोनं धरून ठेवायचं आणि उरलेला बारीक चुरा ढिगाने टाकून द्यायचा. तीच तुझी पांढरी-पिवळी रेती. पुढे लोकांनी ती फुकट म्हणून आणून वाटेवर टाकली, खड्डे भरले, पोरांना खेळायला दिली, त्यावर घरं बांधली.

पण मला तुझा तो विटकरी कोपरा जास्त खटकतोय. काही सोनं त्या आर्सेनोपायराइटच्या आतच अडकलेलं असायचं, ते सोडवायला तो माल भट्टीत भाजत. गंधक आणि बरंचसं आर्सेनिक धूर होऊन जायचं, त्यातलं पांढरं आर्सेनिक धुराड्याच्या नळीत थंड होऊन बसायचं, आणि खाली उरायची ती लाल-जांभळी भाजकी रेती. लाल का, तर लोखंडाचा गंज. भाजायला घेतलेला मालच मुळात आर्सेनिकने भरलेला, त्यामुळे धुरात जाऊनही यात आर्सेनिक साध्या रेतीपेक्षा खूप जास्त असू शकतं. तिथे गवत नाही म्हणतेस, त्याचं कारण बहुतेक तेच. आज संध्याकाळीच तो कोपरा जाळीने बंद कर, त्याच्याआधी पाणी मारून घे म्हणजे धूळ उडणार नाही, आणि तिथे अजिबात खणू नकोस.

बाकी रंगावरून आकडा कळत नाही. माती लॅबला पाठव, एकच नमुना नको, पुढचं अंगण, मधला भाग, तो कोपरा असे वेगवेगळे. कोंबड्या सध्या कोंडून ठेव.

आणि हो, नळाखालचा अळू विसर. ते खाली वेगळं लिहितो, आता मीटिंग आहे.

उगाच_नाही

अरे काय घाबरवताय बाईला! बेंडिगोत लाखभर लोक राहतात, दीडशे वर्षं झाली, सगळे मेले का? शेजारचे आजोबा कुंपणावर उभे राहून गप्पा मारतायत म्हणजे बघा. आमच्या लहानपणी आम्ही मातीच खाल्ली, श्रीकृष्णानेही खाल्ली. ताई, हात धुवून जेवा आणि मेथी लावा बिनधास्त. हल्ली गुगल केलं की सगळ्याचा कॅन्सर निघतो.

डॉ_निवांत

@उगाच_नाही आजोबा कुंपणावर आहेत हे खरं, पण जे लवकर गेले ते कुंपणावर बोलायला येत नाहीत ना राव. आणि यशोदेच्या अंगणात सोन्याची खाण नव्हती.

ताई, मी पुण्यात जनरल प्रॅक्टिस करतो, मधे दहा वर्षं ॲडलेडला होतो. तुमच्या प्रश्नात दोन भीती एकमेकीत गुंतल्यात. एक भीती म्हणजे आर्सेनिक = सोमल = राजवाड्यातला विषप्रयोग. तसलं काही होणार नाही, परसात खेळून पोराला उलट्या-जुलाब सुरू होतील असं नाही. दुसरी भीती खरी आहे, पण ती फार संथ गोष्ट आहे. अकार्बनी (म्हणजे माती-दगडात असतं तसलं) आर्सेनिक थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कातडी, मूत्राशय आणि फुप्फुस यांच्या कॅन्सरची शक्यता वाढते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने त्याला कधीच पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या गटात टाकलंय, तंबाखूच्याच पंक्तीत. यात ‘आज काही त्रास नाही’ याचा अर्थ शून्य.

आता जातं कुठून? कातडीतून फारसं जात नाही. जातं तोंडातून. तुमचा दीड वर्षाचा मुलगा जमिनीवर बसतो, हात चाटतो, खेळणं चाटतो. एवढ्या वयाचं मूल दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम माती-धूळ गिळतं असं ऑस्ट्रेलियातले नियम करणारे धरतात, म्हणजे मिठाची चिमूटही नाही. समजा मातीत किलोला ३०० मिलिग्रॅम आर्सेनिक आहे, तर त्या कणभर मातीतून ३० मायक्रोग्रॅम पोटात. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे बरोबर मर्यादेइतकं आर्सेनिक असलेलं पाणी रोज तीन लिटर पाजल्यासारखं. फक्त एक फरक, पाण्यातलं जवळपास सगळं अंगात शिरतं, मातीतलं सगळं शिरत नाही, दगडाला घट्ट धरून बसलेलं असतं ते तसंच बाहेर पडतं. किती शिरतं ते त्या मातीवर अवलंबून, म्हणून @दगडधोंडे म्हणतात तशी तपासणी हवीच.

आणि हे पुस्तकी नाही, त्याच सोन्याच्या पट्ट्यातल्या मुलांच्या पायाची नखं कापून बलारतच्या संशोधकांनी तपासलीत, नखांत आर्सेनिक सापडलं होतं. म्हणजे मातीतून अंगापर्यंतचा रस्ता आहे. तो रस्ता अडवायचा, बस.

मुलाची तपासणी करायची असेल तर रक्त काढू देऊ नका, रक्तात ते काही तासच टिकतं. लघवी तपासतात, आणि त्याच्या आधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी सगळं बंद. नाहीतर माशातलं जे निरुपद्रवी आर्सेनिक असतं ते मोजलं जातं आणि रिपोर्ट बघून तुम्हीच आडव्या व्हाल. माझ्या ओळखीतल्या एका आईचं हे झालंय, आदल्या रात्री बांगड्याचं कालवण.

सोलापूरकर_७७

विषय निघालाच आहे तर सांगतो, हे फक्त परदेशातलं नाही. आमच्या सोलापूरच्या खाली कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात मंगळूर म्हणून गाव आहे (समुद्राकाठचं मंगळूर नव्हे), तिथे जुनी सोन्याची खाण होती, बंद पडली. तिथून जवळच किरदल्ली तांडा, लमाण लोकांची वस्ती. लोकांच्या तळहाताला तळपायाला खडबडीत गाठी, अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, काहींना कातडीचा कॅन्सर. लोकांना वाटायचं काहीतरी कोप आहे. कारण निघालं बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक. शास्त्रज्ञांनी खाणीच्या टाकाऊ ढिगातली माती पण तपासली होती, त्यातही भरपूर.

त्या लोकांनी ते पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, तेव्हा तुमची केस तशी नाही ताई, तुमच्याकडे नळाला धरणाचं पाणी असणार. फक्त परसात बोअर मारायच्या भानगडीत पडू नका. आणि कुणी ‘दीडशे वर्षं लोक राहतायत’ म्हटलं की मला तो तांडा आठवतो, तिथेही लोक राहतच होते.

दगडधोंडे

आलो परत. अळूचं सांगायचं राहिलं होतं.

आर्सेनिक मातीत असं सुटं फिरत नसतं, ते बहुतेक लोखंडाच्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. जोवर मातीत हवा खेळते तोवर ठीक. पण जिथे पाणी साठून चिखल होतो आणि हवा बंद होते तिथे तो गंजच विरघळायला लागतो आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं, मग मुळांना ते सहज मिळतं. भातात आर्सेनिक जास्त का असतं, याच कारणाने, खाचरात पाणी तुंबवून ठेवतो आपण. आता तुझ्या सासूबाईंचा प्लॅन बघ: खाणीची रेती, त्यावर नळाचं साठलेलं पाणी, त्यात शेणखत, त्यात अळू. आर्सेनिक सोडवायला प्रयोगशाळेत याहून चांगली मांडणी करता येणार नाही.

ओढ्याच्या गाळाचंही तेच. त्या काळी खाणींनी इतका गाळ सोडला की बेंडिगो क्रीकने खालच्या शेतांवर पांघरूण घातलं, शेतकरी इतके भडकले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारला गाळ आवरायला वेगळं मंडळ नेमावं लागलं. तो गाळ कुठे गेलेला नाही, काठाच्या मातीत थर होऊन बसलाय. तेव्हा पोराला ओढ्याकाठी चिखलात खेळवायचं असेल तर नको.

आणि रिपोर्ट आल्यावर गोंधळशील म्हणून आधीच सांगतो. तिथे घरगुती जागेसाठी किलोला १०० मिलिग्रॅम हा आकडा वापरतात. १०१ म्हणजे विष आणि ९९ म्हणजे अमृत असं नाही, १०० च्या वर गेलं की पुढे नीट चौकशी करा एवढाच अर्थ. हा आकडा काढताना पोटात गेलेल्यातलं ७० टक्के अंगात शिरतं असं धरलंय, खाणीच्या रेतीतलं बऱ्याचदा त्याहून कमी शिरतं, म्हणजे तिथे तुला थोडी सवलत. पण त्याच हिशेबात असंही धरलंय की घरची भाजी-फळं तुम्ही खाता त्या एकूण भाजी-फळांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि परसात कोंबड्या नाहीत! तुझ्याकडे मेथीचं शेत आणि चार कोंबड्या. सवलत गेली परत. हे बारीक अक्षरातलं कुणी वाचत नाही.

बलारतची_काकू

अगं बाई, अकरा वर्षं याच मातीवर काढली मी, माझ्याकडे मधल्या वाफ्यात १८० निघालं होतं. रडले होते आधी, मग कामाला लागले. आता परसभर भाजी आहे.

जमिनीत काही लावायचं नाही. वर उंच वाफे करायचे, खाली जाड जिओफॅब्रिक (जमिनीवर अंथरायचं, पाणी झिरपू देणारं कापड) घालायचं म्हणजे मुळं आणि गांडुळं खालची रेती वर आणत नाहीत, आणि माती विकत आणलेली, बिलावर कुठून आली ते लिहून घ्यायचं. आणि ऐक, सगळ्यात महत्त्वाचं, वाफ्याला हिरवट झाक असलेले जुने लाकडी ओंडके वापरू नकोस, फुकट मिळतात म्हणून सगळे आणतात. त्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जे पाजलेलं असतं त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकच असतं. २००६ पासून खेळाची मैदानं, डेक असल्या ठिकाणी ते वापरायला बंदी आहे तिकडे. मी एका बाजूने आर्सेनिक टाळायला वाफा बांधला तो आर्सेनिकच्याच लाकडाचा, नवऱ्याने दोन दिवस खपून बांधलेला, परत तोडला. पत्र्याचे गोल वाफे घे. आणि ते लाकूड बार्बेक्यूत तर अजिबात जाळू नका, राखेत सगळं उतरतं.

भाज्यांत टोमॅटो, भेंडी, दुधी, घेवडा यांची भीती कमी, फळापर्यंत फार पोचत नाही. पालेभाज्या आणि मुळा-बीट त्रासाचे, आणि त्यातही बरंचसं आर्सेनिक भाजीच्या आत नसतंच, वर चिकटलेल्या मातीत असतं. मेथीच्या मुळाशी किती माती येते माहितेय ना तुला. तीन पाण्यांनी धू, मुळा सोलून घे.

घरात जास्त लक्ष दे गं. चपला बाहेर, आपल्याला ती सवय आहेच. केर कोरडा काढायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, खिडकीच्या पट्ट्यासुद्धा. मागे उघडी माती ठेवू नकोस, हिरवळ लाव नाहीतर लाकडाचा भुसा टाक जाड. ती माती उचलून न्यायला सांगायच्या भानगडीत एकदम पडू नकोस, ती साध्या कचऱ्यात जात नाही, वेगळी वर्गवारी, वेगळी जागा, खर्च ऐकून चक्कर येते. झाकणं बहुतेकांना पुरतं.

आणि भात रोज खात असाल तर कोकणातल्यासारखा वेळून करा, भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकायचं. पोरासाठी निदान. तेवढंच एका बाजूने कमी.

उगाच_नाही

ठीक आहे, माती खाल्ली मी. (शब्दशः नाही.) पण तरी विचारतो, मग सरकार तिथे घरं बांधू कसं देतं?

दगडधोंडे

@उगाच_नाही प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की घरं आधी आली, नियम नंतर. नव्या प्लॉटिंगच्या वेळी माती तपासायला लावू शकतात, पण १९१० सालच्या घराच्या परसात कोण येणार तपासायला. तिथल्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्थेने) लोकांसाठी माहिती दिलेली आहे, रेती कशी ओळखायची, काय काळजी घ्यायची, पण ती वाचायला आधी आपल्याकडे खाणीची रेती आहे हे माहीत पाहिजे ना. कॅनडात यलोनाइफला जायंट नावाची बंद पडलेली सोन्याची खाण आहे, तिच्या पोटात २,३७,००० टन आर्सेनिकची पांढरी भुकटी ठेवलीय आणि ती बाहेर पडू नये म्हणून जमीन गोठवून ठेवतायत. ते सरकारला दिसतं. परसातलं दिसत नाही.

सोलापूरकर_७७

अवांतर: आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो ना, तो हरताळ म्हणजे आर्सेनिकचंच पिवळं खनिज. पोथीत चूक झाली की त्यावर तो पिवळा लेप द्यायचे. वाफ्यांच्या प्लॅनला शब्दशः हरताळ फासला गेला म्हणायचं. बरं जातो.

गवती_चहा

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. रिपोर्ट आले. पुढचं अंगण ३८, मधे जिथे वाफे करणार होतो तिथे २६०, आणि तो लाल कोपरा ४,००० च्या वर! लॅबवालीने फोन करून विचारलं की नमुना नक्की घरातलाच आहे ना.

कोपऱ्याला जाळी लागली, वर जाड कापड आणि खडी. कोंबड्या पुढच्या अंगणात हलवल्या, रस्त्यावरून दिसतात, पोस्टमन रोज हसतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पोराची लघवी पाच दिवस मासे बंद ठेवून दिली, आकडा नॉर्मलमध्ये आहे, पण डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत करू. पत्र्याचे दोन वाफे आणले, काकू तुमचं ऐकून माती बिलासकट. मेथी वर आलीय. अळू सासूबाईंनी बादलीत लावलाय, बादलीवर कुणाचा आक्षेप आहे का आधी विचारून घे म्हणाल्या.

त्यांना सगळं सांगितलं शेवटी. मला वाटलं घाबरतील. शांतपणे उठल्या, खोलीत गेल्या आणि बॅगेतून एक बोर्नव्हिटाची बरणी काढून आणली, गच्च भरलेली. लाल कोपऱ्यातली रेती. चाळून, वाळवून, सांगलीला न्यायला. दिवाळीची रांगोळी.

@दगडधोंडे दादा, आता या बरणीचं काय करू?

दगडधोंडे

चाळली??? कुठल्या चाळणीने?

गवती_चहा

…पिठाच्या.

दगडधोंडे

चाळणी आणि बरणी, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांध, चिठ्ठी लाव, पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेव आणि कौन्सिलला फोन करून धोकादायक घरगुती कचरा कुठे, कधी घेतात ते विचार. चाळली तिथला ओटा ओल्या फडक्याने पूस, फडकं पण त्याच पिशवीत टाक. डब्यातलं पीठ राहू दे, पण रेती चाळल्यानंतर त्याच चाळणीने चाळलेलं काही असेल तर फेक. नवी चाळणी घे.